ठाण्यातला दगड ओळखायचा कसा: रंग सोडा, दाणा बघा

माझा भाचा सातवीत आहे. रविवारी रात्री साडेनऊला त्याचा फोन, "मावशी, मिसनी तीन प्रकारचे दगड आणायला सांगितलेत, अग्निज, स्तरित आणि रूपांतरित, उद्याच." मी म्हटलं अरे आठवडाभर काय करत होतास, तर म्हणे मी आणलेत गं, फक्त कुठला कोणता ते सांग. व्हिडिओ कॉलवर त्याने तीन दगड दाखवले. एक काळा ठणठणीत, एक करडा आणि भोकाभोकांचा, भोकांत पांढरं काहीतरी भरलेला, आणि तिसरा खडबडीत, वेगवेगळे खडे एकत्र चिकटवल्यासारखा. त्याच्या हिशोबाने झाले तीन प्रकार. प्रत्यक्षात पहिले दोन एकाच जातीचे, म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला अग्निज दगड, आणि तिसरा दगडच नव्हता, सोसायटीच्या जुन्या पार्किंगचं फोडलेलं काँक्रीट होतं.

त्याची चूक नाहीये. ठाण्यात आणि नवी मुंबईत तुम्ही येऊरला जा, मुंब्र्याला जा, पारसिकला जा नाहीतर खारघरच्या डोंगरावर, पायाखाली सगळीकडे एकच गोष्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वाहून आलेला लाव्हा, थरावर थर, थरावर थर. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर भागावर तो पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्याही वर जाते. म्हणजे आपल्याकडे दगड उचलला की तो बेसाल्ट निघणार हे आधीच धरून चालायचं आणि मग स्वतःला विचारायचं की हा *कसला* बेसाल्ट. बाकीच्या दोन प्रकारांसाठी डोंगरावर जाण्यात अर्थ नाही, ते तुमच्या स्वयंपाकघरात आणि जिन्यात आहेत. त्याच्याकडे येतेच.

आधी सामान. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसं छोटं घडीचं, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. एक जुना चाकू किंवा लोखंडी खिळा, तांब्याचा तुकडा, काचेचा फुटका तुकडा (कडा घासून घ्या बाबा), लोहचुंबक, लिंबू किंवा व्हिनेगर, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि एक टाइल, जिची *मागची* बाजू वापरायची, कारण ती चकचकीत नसते. भूशास्त्रवाला हातोडा लागत नाही. माझ्याकडे आहे, पण त्याने मी आजवर दगडांपेक्षा नारळच जास्त फोडलेत.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दगडाची बाहेरची कातडी बघू नका. पावसाने, शेवाळ्याने, लोखंड गंजून आलेल्या तांबूस रंगाने बाहेरचं सगळं खोटं दाखवतं. ताजा फुटलेला पृष्ठभाग शोधा, ओला करा, उन्हात धरा. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा, दोन-अडीच सेंटीमीटरवर, लोक उलटं करतात, भिंग दगडावर ठेवून लांबून बघतात आणि म्हणतात काहीच दिसत नाही.

दाणा म्हणजे काय, तर तुपाकडे बघा

लोणी कढवून तूप केलं आणि बरणी ओट्यावर तशीच हळूहळू गार होऊ दिली की तूप रवाळ होतं, छान दाणेदार. तेच घाईघाईत फ्रीजमध्ये टाकलं की गुळगुळीत थिजतं, रवा दिसतच नाही. दगडांचंही असंच असतं, दाण्याचा मोठेपणा म्हणजे तो किती सावकाश गार झाला त्याची नोंद. लाव्हा बाहेर आला तेव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास होता, उघड्यावर पसरला, लवकर थिजला, आतल्या खनिजांना वाढायला वेळच मिळाला नाही, म्हणून आपला काळा पाषाण इतका बारीक दाण्याचा की नुसत्या डोळ्यांना सगळं एकजीव दिसतं. तोच रस जमिनीखाली भेगेत अडकला असता तर जरा सावकाश गार झाला असता, भिंगाशिवायही दाणे कळले असते, त्याला डोलेराइट म्हणतात. आणि खूप खोल, हजारो लाखो वर्षं मुरत राहिला असता तर साबुदाण्याएवढे दाणे, तो गॅब्रो. तिघांचा मालमसाला एकच, फरक फक्त गार होण्याच्या वेगाचा.

आणि एकदम झटक्यात गार झाला तर दाणा तयारच होत नाही, काच होते. चिक्कीचा पाक थंड ओट्यावर ओतला की जसा पारदर्शक कडक होतो तसं. नैसर्गिक काच म्हणजे ऑब्सिडियन, फुटला की शिंपल्यासारखी वळणं पडतात. आपल्याकडे मुद्दाम शोधत बसू नका, काळी चकचकीत काच सापडली तर नव्व्याण्णव टक्के ती फुटलेल्या बाटलीचीच असते.

कधीकधी एकाच दगडात दोन मापं दिसतात, बारीक काळ्या पिठात पांढऱ्या चपट्या पट्ट्या रोवल्यासारख्या. म्हणजे हा रस आधी खोलवर सावकाश गार होत होता, तिथे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक मोठे झाले, आणि मग अचानक वर येऊन उरलेला पटकन थिजला. तूप अर्धं रवाळ झाल्यावर फ्रीजमध्ये टाकलं तर होईल तसं. कसाऱ्याच्या थळ घाटातल्या एका थरात हे फेल्डस्पार कित्येक सेंटीमीटर लांब आहेत, एकदा बघितलं की विसरणार नाही.

मालमसाला वेगळा कसा कळतो

दाण्याने वेग कळतो, घटक नाही कळत. घटकांसाठी साधारण नियम असा की सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) जास्त तेवढा दगड फिकट आणि हलका, लोह-मॅग्नेशियम जास्त तेवढा काळपट आणि जड. बेसाल्टमध्ये सिलिका ४५ ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान, ग्रॅनाइटमध्ये सत्तरच्या आसपास. बेसाल्टमध्ये मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं, थोडं मॅग्नेटाइट, कधी ऑलिव्हिन. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक. पण मी वर रंग सोडा म्हटलंय ते यासाठी की "फिकट म्हणजे सिलिका जास्त" हे ताज्या फुटलेल्या अग्निज दगडालाच लागू होतं, मळलेल्याला नाही, स्तरिताला नाही, आणि दुकानात पॉलिश केलेल्याला तर अजिबातच नाही.

म्हणून वजन करा. वजनकाट्यावर पाण्याचा कटोरा ठेवून रीडिंग शून्य करा. दगडाला दोरा बांधून तो पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा हातात लोंबकळत धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर त्या दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले हे, झाली घनता. माझा येऊरच्या रस्त्याला मिळालेला काळा दगड कोरडा ४१२ ग्रॅम, पाण्यात १४४, म्हणजे २.८६. बेसाल्ट साधारण २.८ ते ३ मध्ये येतो, ग्रॅनाइट २.६ ते २.७. भोकाभोकांचा असेल तर आकडा खाली येणार, त्याने गोंधळू नका, ठोस तुकडाच घ्या. आणि हो, दगड पाण्यातून काढायच्या आधी रीडिंग लिहून घ्या, मी तीनदा विसरले.

लोहचुंबकाचंही तसंच. चुंबक दोऱ्याला टांगून बेसाल्टजवळ न्या, किंचित ओढला जातो, कारण आत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण. कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदरकडची काळपट रेती वाळवून कागदावर पसरा आणि कागदाच्या खालून चुंबक फिरवा, काळे दाणे मागे मागे पळतात, लहान मुलं तासभर खेळतात. ती रेती काळपट का, तर ती आपल्याच डोंगरांची चुरी आहे, राजस्थानच्या वाळूसारखी क्वार्ट्झची नाही.

आपल्या भागात फिकट अग्निज दगड अगदीच नाही असं नाही. मनोरी-गोराईच्या बाजूला ट्रॅकाइट आहे, तोही लवकर गार झालेला, बारीक दाण्याचा, पण सिलिका जास्त म्हणून पिवळट. फोर्टातल्या जुन्या इमारतींना जो मालाड स्टोन वापरलाय तो याच घराण्यातला. तिथे गेलात की एका बाजूला तो पिवळट दगड आणि जोत्याला काळा बेसाल्ट असं शेजारी शेजारी बघायला मिळतं.

भोकं आणि त्यातलं पांढरं

भाच्याचा दुसरा दगड खरं तर सगळ्यात भारी होता. लाव्ह्यात विरघळलेला वायू वर यायला लागतो, जसा सोड्याच्या बाटलीत येतो, आणि वरचा भाग थिजला की बुडबुडे आत अडकतात. म्हणून लाव्ह्याच्या एका थराचा माथा भोकाभोकांचा, पोट ठोस, आणि तळाशी कधीकधी उभ्या बारीक नळ्या. डोंगर कापलेला कुठेही असू दे, घोडबंदर रोडच्या बाजूला म्हणा नाहीतर पारसिकच्या जुन्या खाणींच्या भिंती लांबून दिसतात तिथे, ठोस-भोकं-ठोस-भोकं असा क्रम शोधायचा, म्हणजे लाव्हा किती वेळा आला ते मोजता येतं. दोन थरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसला तर ती मधल्या शांततेच्या काळातली माती, वरून आलेल्या गरम लाव्ह्याखाली भाजून निघालेली. मला कुठलाही किल्ला बघण्यापेक्षा तो पट्टा बघताना जास्त गंमत वाटते, हे घरात कुणाला पटत नाही ते सोडा.

नंतर लाखो वर्षं त्या भोकांतून गरम पाणी झिरपलं आणि आत खनिजं जमली. त्यालाच आपण सरसकट गारगोटी म्हणतो, पण आत तीन वेगळे पाहुणे असू शकतात आणि ओळखायला दोन मिनिटं लागतात. खिळ्याने ओरखडा काढा. सहज निघाला आणि त्या पांढऱ्या पिठावर लिंबू पिळल्यावर बारीक फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज. ओरखडा निघाला, कदाचित जोर लावून, पण फसफसलं नाही तर झिओलाइट असण्याची शक्यता जास्त. आणि खिळ्याला दादच देत नाही, उलट काचेवर ओरखडा पाडतो, तर क्वार्ट्झ किंवा त्याचा भाऊबंद, गारगोटी म्हणायची ती खरी हीच. हे सगळं १८१२ साली फ्रेडरिक मोस याने मांडलेल्या काठिण्याच्या पट्टीवर चालतं, जास्त आकड्याचं कमी आकड्याच्यावर ओरखडा काढतं: नख अडीचच्या आसपास, कॅल्साइट आणि तांबं तीनच्या घरात, चाकू साडेपाच, क्वार्ट्झ सात.

झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटने दिलं, अर्थ उकळणारा दगड, कारण तापवला की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. आपल्या दख्खनचे झिओलाइट जगभरच्या म्युझियममध्ये आहेत. स्टिल्बाइट असेल तर गव्हाची पेंढी मधे आवळल्यासारखा आकार, मोत्यासारखी झाक. स्कोलेसाइट पांढऱ्या सुयांचा गुच्छ. अपोफिलाइट बरेचदा यांच्या शेजारीच बसलेला असतो, पाण्यासारखा स्वच्छ नाहीतर फिकट हिरवा, पण तो काटेकोर बोलायचं तर झिओलाइट नाही. हे नीट बघायचे असतील तर सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, नाशिकला जाताना वाट वाकडी करा.

मुरूम आणि जांभा

बांधकामवाले ज्याला मुरूम म्हणतात तो वेगळा दगड नाही, म्हातारा बेसाल्ट आहे. पाणी भेगांतून शिरतं, कोपरे आधी कुजतात, आणि चौकोनी ठोकळा हळूहळू गोल होत जातो, बाहेरून कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटतात आणि मधे काळा गोळा शिल्लक राहतो. खारघरच्या टेकडीवर हे गोळे बघून आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी डायनासोरची अंडी म्हणून फोटो टाकला होता. काळ जुळतो हो काका, पण अंडी नाहीत.

जांभा त्याच्या पुढची पायरी. उष्णता, भरपूर पाऊस, मग कोरडा काळ, असं चालू राहिलं की सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. माथेरानचा माथा जांभ्याचा, तिथली लाल धूळ चपलांवरून जात नाही ती त्यामुळेच. टाइलच्या मागच्या बाजूवर घासा, लालसर तपकिरी रेघ उमटते, बेसाल्टची तशी उमटत नाही. रत्नागिरीहून ट्रकने चिरे येतात ते ताजे कापलेले असताना मऊ असतात आणि हवेवर राहून कडक होतात. इंग्रजांच्या काळात १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळात हाच दगड बघून त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये वीट या शब्दावरून. शाळेच्या तीन खणांत जांभा कुठे बसवायचा यावर वाद घालत बसू नका, तो जागच्या जागी कुजून उरलेला दगड आहे, मी त्याला चौथा खण देते.

स्तरित आणि रूपांतरित: घरातच शोधा

ऐरोली-वाशीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली बघा, तो काळा चिखल म्हणजे होऊ घातलेला दगड. त्याच्यावर आणखी गाळ साचला, दाबाने पाणी निघून गेलं, कण एकमेकांना चिकटले आणि मधे भरपूर, म्हणजे भरपूरच वर्षं गेली तर तो शेल नावाचा स्तरित दगड होईल. तसं मुंबईत झालेलंही आहे, वरळीच्या टेकडीत दोन लाव्ह्यांच्या मधे तळ्यातल्या गाळाचा थर होता आणि त्यात बेडकांचे जीवाश्म सापडले होते. पण ठाण्यात असा तुकडा हाताला लागणं कठीण.

म्हणून जिन्यात या. जुन्या इमारतीत शहाबादी फरशी असेल, ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, चुनखडक. हिरवट-निळसर कोटा, राजस्थानातला, तोही चुनखडक. स्वयंपाकघराचा काळा कडप्पा, आंध्रचा, तोही तेच. तिघेही समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीच्या बारीक चिखलाचे. भिंगातून बघितलं तर स्फटिकांची वीण दिसत नाही, एकसारखं पीठ दिसतं, आणि तुटलेल्या कडेला वहीच्या पानांसारखे थर कळतात. नक्की करायचं तर चाकूने न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडी भुकटी पाडा आणि तिच्यावर लिंबू. लिंबाचं ॲसिड सौम्य असतं, अख्ख्या दगडावर फारसं काही दिसत नाही, भुकटीवर बुडबुडे कळतात. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापल्यावर पांढरट डाग का पडतो आणि कितीही घासला तरी का जात नाही हे आता कळलं असेल, तो डाग नाही, दगडच खाल्ला गेलाय.

इथे माझा गुन्हा कबूल करते. मी हा प्रयोग पहिल्यांदा आईच्या देवघराच्या संगमरवरावर केला, तोही भुकटी न पाडता, अर्धं लिंबू थेट. पुसल्यावर रुपयाएवढा मंद डाग. आई काही बोलली नाही, फक्त तेव्हापासून तिथे कुंकवाचा करंडा असतो आणि मी गेले की ती म्हणते, "दर्शन लांबून घे हो बाई."

संगमरवर म्हणजे चुनखडकच, पण जमिनीत खोल जाऊन उष्णता आणि दाबाखाली न वितळता पुन्हा घडलेला. म्हणून लिंबाला दोघेही फसफसतात, फरक वीण बघून कळतो. मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराची तुटकी कड उन्हात फिरवा, साखरेच्या वडीसारखी चमचम दिसते, एकमेकांत घट्ट बसलेले कॅल्साइटचे दाणे. मूळचे थर, शंख-शिंपले वगैरे बहुतेक पुसलेले. जुनी शाळेतली पाटी घरात असेल तर तीही रूपांतरित, शेलवर दाब पडून झालेली स्लेट, म्हणून ती सरळ पातळ पापुद्र्यांत फुटते. रूपांतरित खडक डोंगरात बघायचे तर सिंधुदुर्ग गाठा नाहीतर भंडारा-गोंदियाकडे जा, तिथे लाव्ह्याखालचा जुना पाया उघडा आहे.

आता ग्रॅनाइटचा ओटा. दुकानदाराच्या भाषेत जे कडक आणि पॉलिश होतं ते सगळं ग्रॅनाइट. खरं ग्रॅनाइट असेल तर तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: काचेसारखे करडे दाणे म्हणजे क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढरे आणि तिरपं बघितल्यावर सपाट चमकणारे म्हणजे फेल्डस्पार, काळे पापुद्र्यासारखे म्हणजे अभ्रक. त्यात लाटा-लाटा, पट्टे असतील तर तो नाईस, रूपांतरित. आणि एकदम काळा "ग्रॅनाइट" हा बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या येऊरच्या दगडाचा सावकाश गार झालेला भाऊ. आमच्या ओट्यात सोनेरी ठिपके आहेत, आंध्रातल्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी. दिवा लावून भिंगातून बघितलं तर ठिपका म्हणजे एक छोटं पान दिसतं, एका कोनात झळाळतं, हात हलवला की विझतं. सोनं नाही, ब्राँझाइट नावाचं पायरॉक्सिन. याआधीचा ओटा मात्र एका दुकानदाराने आम्हाला रंगवून विकला होता, वर्षभरात करडा पडला. तेव्हापासून घेण्याआधी नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस नमुन्यावर घासून बघते, काळा झाला तर रामराम.

फसवे

काँक्रीट सगळ्यात जास्त फसवतं कारण ते दिसतं कॉन्ग्लोमरेटसारखं, म्हणजे गोटे एकत्र चिकटून झालेल्या स्तरित दगडासारखं. बघा, खडी टोकदार आणि सगळी एकाच काळ्या दगडाची असेल, मधलं करडं पीठ लिंबाला फसफसत असेल, आणि एखादी बाजू फळीसारखी सपाट असेल तर तो बिल्डरचा दगड. कारखान्यांच्या भागात काळी भोकाभोकांची धातूची मळी मिळते, ती काचेसारखी चकाकते आणि भोकं अगदी मोकळी असतात. विटेचे गोल झालेले तुकडे खाडीकाठी जांभा म्हणून खपतात, फोडा, आतून एकसारखं लाल निघालं तर वीट, पिवळं-लाल-जांभळं चट्ट्यापट्ट्याचं निघालं तर जांभा.

कुठे जायचं, कुठे नाही

दिवसा, दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून दगड उचलायचा नाही, बघा, फोटो काढा, बाजूला नाणं ठेवून काढा म्हणजे माप कळतं. बंद खाणींत पाणी साचलेलं असतं, काठ ढासळतात, तिथे अजिबात उतरू नका. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात बंदी असते ती उगाच नाही. लेण्यांना, किल्ल्यांना, देवळांना चाकू लावायचा नाही, भिंग पुरे. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, तिथल्या मूर्तींवर बोटांची नखं आणि दागिन्यांची घडी दिसते ती दगडाचा दाणा बारीक आहे म्हणून कोरता आली. पाटा-वरवंट्यालाही हाच दगड लागायचा, बारीक वीण, टाकी लावली की धार धरतो, वाटणात कच येत नाही.

आणि पनवेलकडून माथेरानचा डोंगर लांबून बघताना थर बघा, तिकडे जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या पश्चिमेला मात्र ते समुद्राकडे झुकतात, भूशास्त्रात त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. लांब पल्ल्याच्या गाडीतून कळव्याच्या बाजूने १९१६ साली सुरू झालेल्या पारसिक बोगद्यात शिरता ना, तेव्हा तुम्ही याच झुकलेल्या लाव्ह्याच्या पोटातून सव्वा-दीड मिनिट जाताय.

गोळा केलेले दगड धुवून वाळवा, व्हाइटनरचा एक ठिपका द्या, त्यावर पेनाने नंबर, आणि वहीत नंबरासमोर जागा, तारीख, दाणा, ओरखडा, लिंबू, घनता. चिठ्ठी चिकटवू नका, पावसाळ्यात सुटते. भाच्याने सोमवारी शेवटी आपला भोकाचा बेसाल्ट, शेजाऱ्यांच्या रिनोव्हेशनमधला शहाबादीचा तुकडा आणि फुटक्या संगमरवरी खलबत्त्याची कड नेली, काँक्रीटही नेलं, "ओळखा पाहू" असं लिहून, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते स्तरित म्हणून सांगितलं. माझ्या वहीत सध्या ४३ नंबर झालेत, त्यातले ३१ बेसाल्ट आहेत आणि १७ नंबर काय आहे ते मी अजून ठरवतेय.